निर्दबाव

खडकमाळ पोलीस ठाण्यात वैद्यबुवा आले, तेव्हा नारळ फोडून आणि पेढे वाटून त्यांची स्थापना झाली होती. वैद्यबुवा म्हणजे एक यंत्र. सरकारदरबारी त्याचं नाव 'निर्दबाव प्रणाली' असं होतं. पण जो नाडी बघून निदान करतो त्याला वैद्य नाही तर काय म्हणायचं, असा हवालदार मंडळींचा सरळ सवाल होता. जुन्या मुद्देमालाच्या खोलीत एक खुर्ची, समोर पडदा, कपाळाला बांधायची मऊ पट्टी आणि मनगटात चढवायचं कडं, एवढाच त्यांचा संसार होता.

हे यंत्र काही हौसेने आलेलं नव्हतं. ठाण्याचा कारभार ठाण्यात चालत नाही, कुणाच्या तरी बंगल्यावर चालतो, ही रड सगळ्या राज्याची होती. फोन येतो आणि कलम बदलतं. मग फोन रेकॉर्ड करायला सुरुवात झाली, तर निरोप माणसाबरोबर येऊ लागले. माणसांवर कॅमेरे लावले, तर निरोप लग्नाच्या पंगतीत दिले जाऊ लागले. आयोग बसले, आयोग उठले. शेवटी न्यायालयाने नेमलेल्या समितीतल्या कुणाला तरी सुचलं की फोन कशाला शोधत बसता, फोनचा परिणाम ज्याच्यावर होतो तो माणूसच तपासा.

कल्पना साधी होती आणि शास्त्राला धरून होती. माणूस पुरावा तोलून ठरवतो तेव्हा कपाळामागच्या भागात रक्त जास्त खेळतं. माणूस भिऊन ठरवतो तेव्हा मेंदूच्या आतला बदामाएवढा एक भाग आधी जागा होतो आणि तोंडातून शब्द फुटायच्या आत शरीर चुगली करतं. घामातली रसायनं बदलतात, बुबुळं रुंदावतात, हृदयाच्या ठोक्यांमधली नेहमीची सैल लय ताठर होते. पट्टी आणि कडं ही सगळी चुगली टिपून घेत. दबावाखाली काम केल्याचं मागाहून सिद्ध झालेल्या शेकडो अधिकाऱ्यांच्या नोंदी यंत्राला शिकवल्या होत्या. गोळ्या घेऊन धडधड दाबली तर तीही त्याला घामातून कळे.

नियमही सरळ होता. कुणाला अटक करायची, कोणतं कलम लावायचं, असा प्रत्येक जड निर्णय अधिकाऱ्याने त्या खुर्चीत बसून मोठ्याने बोलायचा. हिरवा दिवा लागला की निर्णयाला 'निर्दबाव' असा दाखला मिळे, तो ठाण्याबाहेरच्या फलकावर झळके आणि नवा पुरावा आल्याशिवाय न्यायालयही त्याच्या मागे जात नसे. लाल लागला तर दुसऱ्या दिवशी एक संधी. पुन्हा लाल लागला की प्रकरण खालच्या अधिकाऱ्याकडे आणि साहेबांची रवानगी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात. भित्र्या माणसाच्या हाती कायदा नको, एवढंच त्यामागचं तत्त्व, आणि त्याला नावं ठेवणार तरी कशी?

पोलीस निरीक्षक ऋतुजा तांबवे यांनी तर वैद्यबुवांचं मनापासून स्वागत केलं होतं. कुणाचं न ऐकल्यामुळे बदल्यांची सवय झालेली ही बाई. आता ऐकायचा प्रश्नच उरला नाही, या आनंदात त्यांनी स्वतःच्या हाताने पेढे वाटले होते. पहिल्या वर्षात आजूबाजूच्या ठाण्यांतली बरीच वाकलेली मंडळी लाल दिव्याखाली आली, तेव्हा ऋतुजाला वाटलं की आपल्या हयातीत हे बघायला मिळालं, आणखी काय पाहिजे?

मग कालव्यावरचं प्रकरण घडलं.

पाटाचं पाणी पाळीने सुटतं. वरच्या गावांनी आपापला वाटा घ्यायचा आणि पाटाचं दार बंद करायचं, म्हणजे कालव्याच्या अगदी टोकाला असलेल्या गावांपर्यंत पाणी पोचतं. वरचा माणूस पाळी नसताना दार उचलतो आणि टोकाचा माणूस कोरड्या पाटात उभा राहून शिव्या देतो, हे आजोबांच्या काळापासून चालत आलेलं. कालवा निरीक्षक संतोष वाघचौरे मात्र नियमावर बोट ठेवणारा निघाला. तालुक्याचे आमदार तात्यासाहेब भोगावकर यांचा पुतण्या यशराज याने आपल्या द्राक्षबागेसाठी चोरून उचललेलं दार संतोषने बंद केलं आणि त्याला कुलूप घातलं. त्याच संध्याकाळी संतोषचं प्रेत खालच्या पुलाला अडकलेलं सापडलं.

भांडण झालं, पाय घसरला, पाण्यात पडला, असं यशराजचं म्हणणं. पण संतोषच्या डोक्याला मागून खोल जखम होती आणि फुप्फुसांत पाण्याचा थेंब नव्हता. म्हणजे पाण्यात पडण्याआधीच तो मेलेला होता. शेजारच्या रानातला सालगडी दत्तू याने तर दार उचलायचा लोखंडी दांडा यशराजच्या हातात पाहिला होता, तो खाली येतानाही पाहिला होता, आणि तसा जबाबही दिला होता. याहून स्वच्छ खुनाचा गुन्हा ऋतुजाने नोकरीत क्वचितच बघितला असेल.

संतोषची बायको रेश्मा ठाण्यात येऊन बसली होती. तिने रडारड केली नाही. ती एवढंच म्हणाली, की ह्यांना सगळे सांगत होते, एका दारासाठी जीव कशाला घालवता. पण टोकाच्या गावची माणसं सकाळी घरी येऊन बसायची, ते ह्यांना बघवायचं नाही. ऋतुजाने तिला शब्द दिला की जे झालं तेच मी लिहीन.

त्या दुपारी तात्यासाहेबही आले. धमकी द्यायला आले असते तर बरं झालं असतं. ते आले, ठाण्याच्या पायरीवर पत्रकारांसमोर उभे राहिले आणि म्हणाले की पुतण्या असो नाहीतर पोटचा पोरगा, कायदा आपलं काम करेल, पोलिसांना कुणीही भेटू नये. मग आत येऊन ऋतुजापुढे हात जोडले.

"ताई, तुम्ही बिनधास्त काम करा," ते म्हणाले. "आणि हो, आमच्या सुशांत सरांना सांगा, किती वर्षं प्रभारी ठेवायचं त्यांना? सोमवारच्या बैठकीत कायम करतोय. त्यांच्यासारखा मुख्याध्यापक संस्थेला मिळायचा नाही."

एवढं बोलून ते गेले. सुशांत म्हणजे ऋतुजाचा नवरा. तात्यांच्या शिक्षण संस्थेच्या हायस्कुलात तो शिकवत होता आणि मुख्याध्यापकाचं काम गेली कित्येक वर्षं बिनपदाचं करत होता. त्यांची मुलगी इरा त्याच शाळेत दहावीला होती. तात्यांच्या बोलण्यात कुठल्याही कायद्याला बोट ठेवता येईल असं एक अक्षर नव्हतं. उलट ते सगळं चांगलंच होतं, आणि ऋतुजाला भीती वाटली ती त्या चांगुलपणाचीच.

ती खुर्चीत बसली. पट्टी बांधली, कडं चढवलं, पडद्यावरचा पुरावा वाचला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "यशराज भोगावकर. कलम खुनाचं. तात्काळ अटक."

लाल दिवा लागला. पडद्यावर अक्षरं उमटली: निर्णय दबावाखाली.

आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्याच ठाण्यात मान खाली घालून बाहेर आली. हवालदारांनी नजर चुकवली. त्यांना वाटलं मॅडमला फोन आला, मॅडम वाकल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही.

यंत्र बनवणाऱ्या गटातल्या डॉ. केतकी अभ्यंकर त्या आठवड्यात तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी मुक्कामाला होत्या. ऋतुजा जीप काढून थेट त्यांच्याकडे गेली. बाई सुज्ञ होत्या आणि लपवाछपवी करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आलेख शांतपणे पाहिला आणि सांगितलं की यंत्राची काही चूक नाही, तुम्ही घाबरला होतात.

"होते ना," ऋतुजा म्हणाली. "घाबरले होते, आणि घाबरूनसुद्धा खुनाचंच कलम बोलले. हे तुमच्या यंत्राला दिसत कसं नाही?"

"त्याला भीती दिसते. त्या भीतीचं तुम्ही काय केलंत, ते नाही दिसत."

"मग शिकवा ना त्याला."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शिकवायला नमुने लागतात, मॅडम. घाबरून वाकलेले अधिकारी आम्हाला हवे तेवढे मिळाले. घाबरूनही न वाकलेले इतके थोडे होते की त्यांच्यावरून यंत्राला काही शिकवता आलं नाही. शेवटी आम्ही त्यांना चूक म्हणून आकडेवारीतून वगळलं."

पुढच्या आवृत्तीत काहीतरी करता येईल, असंही त्या म्हणाल्या. ती आवृत्ती कधी येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. ऋतुजा परत निघाली तेव्हा तिला यंत्राचा राग येत नव्हता, आपल्या खात्याची लाज वाटत होती.

आता उरला होता सहायक निरीक्षक विक्रम हिरगुडे. पुन्हा लाल दिवा लागला तर प्रकरण त्याच्याकडे जाणार होतं. या माणसाला वैद्यबुवांनी एकदाही लाल दिवा दाखवला नव्हता. तो वाईट माणूस नव्हता, हीच खरी पंचाईत. लाच खात नसे, गरिबाला हिडीसफिडीस करत नसे. मात्र तात्यांच्या वसतिगृहात राहून तो शिकला होता, आणि तात्या चूक करू शकतात हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. तात्यांनी त्याला कधी फोन केला नाही. कशाला करतील? देवाला भक्ताच्या घरी फोन करावा लागत नाही. हिरगुडेचं मन आधीच तात्यांच्या मनाला जुळलेलं असे, म्हणून त्याचा आलेख नेहमी शांत विहिरीसारखा सपाट येई.

"मॅडम, मला विचाराल तर संतोषभाऊंचा पाय घसरला," तो अगदी कळवळून म्हणाला. "जखम दगडाची असणार. यशराज गरम डोक्याचा आहे, पण जीव घेणारा नाही. मी लहानपणापासून ओळखतो."

आणि फुप्फुसांत पाणी का नाही, असं तिने विचारलं, तर डॉक्टरांचंही चुकतं कधीकधी, एवढंच तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हाती कागद गेले तर तो 'अपघात' लिहिणार आणि त्याला हिरवा दिवा मिळणार, हे ऋतुजाला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट दिसलं.

घरी तिने सुशांतला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं तो चिडेल, कायम होण्याबद्दल बोलेल, निदान गप्प तरी बसेल. सुशांतने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तू म्हणत असशील तर मी उद्याच संस्था सोडतो. इराचं नाव दुसरीकडे घालू. मग तर तुला भ्यायचं कारण नाही ना?"

तो मनापासून बोलत होता. ऐन चाळिशीत, परीक्षेच्या तोंडावर, दुसऱ्या नोकरीचा पत्ता नसताना. त्याच्या त्या बोलण्याने ऋतुजाची भीती कमी होण्याऐवजी दुप्पट झाली, कारण आता गमावण्यासारखं काय आहे ते तिला समोर बसलेलं दिसत होतं. तिने त्याला राजीनामा देऊ नको म्हणून सांगितलं. मी बघते काहीतरी, असं म्हणाली.

काय बघायचं ते तिच्या डोक्यात आलेलंच होतं. पोलिसांत ही जुनी युक्ती आहे आणि तिने स्वतः कितीतरी नव्या उपनिरीक्षकांना ती शिकवली होती. कलमवाढ. आधी हलक्या कलमाखाली का होईना, गुन्हा आपल्या हातात घ्यायचा. वातावरण निवळलं, माणसं सैलावली, की मागाहून कलम वाढवायचं. कागद हातात असला तर सगळं असतं. हातातून गेला तर देवही काही करू शकत नाही. फौजदारापासून महासंचालकापर्यंत सगळे हेच करत आले होते आणि ऋतुजाने तर ही युक्ती नेहमी गरिबाच्या बाजूने वापरली होती.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खुर्चीत बसली. तरीही शेवटच्या क्षणापर्यंत तिचा इरादा खुनाचंच कलम बोलायचा होता. तिने दीर्घ श्वास घेतले, संतोषचा फुगलेला चेहरा डोळ्यांपुढे आणला. मनात 'खून' हा शब्द येताच पडद्यावरची भीतीची रेघ चढू लागली. मग तिने नुसतं अजमावून पाहायचं म्हणून मनात दुसरं वाक्य आणलं: निष्काळजीपणामुळे मृत्यू. उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर मारावी तशी रेघ खाली बसली.

तिने पुन्हा 'खून' आठवला. रेघ चढली. पुन्हा दुसरं वाक्य. रेघ बसली. आपल्याच शरीराने आपल्याला असं उघडं पाडलेलं तिने पहिल्यांदा पाहिलं. प्रकरण माझ्याकडे राहिलं पाहिजे, तिने स्वतःला बजावलं. रेश्मासाठीच राहिलं पाहिजे.

"यशराज भोगावकर," ती म्हणाली. "निष्काळजीपणामुळे मृत्यूस कारण. जामीनपात्र."

हिरवा दिवा लागला. तिला एकदम हलकं वाटलं, ताप उतरल्यावर वाटतं तसं, आणि त्या हलकेपणाची तिला मनापासून किळस आली.

यशराज त्याच दुपारी जामिनावर घरी गेला. सोमवारच्या बैठकीत सुशांत कायम झाला. बाहेरच्या फलकावर अक्षरं झळकू लागली: सदर निर्णय तपास अधिकाऱ्याने कोणत्याही दबावाविना, पुराव्याच्या आधारे घेतला आहे.

ऋतुजा थांबली, वातावरण निवळू दिलं आणि मग कलमवाढीच्या कामाला लागली. आधी दत्तूला बोलावलं. दत्तू आला, पण त्याची भाषा बदललेली होती. दांडा होता का काठी होती, लांबून नीट कळलं नाही, असं तो म्हणू लागला. तुला कुणी दमात घेतलं का, असं तिने खोदून खोदून विचारलं. कुणी नाही, मॅडम, दत्तू म्हणाला. बोर्डावर वाचलं, तुम्ही एवढं शिकलेल्या, तुम्हालाच तसं वाटतंय म्हटल्यावर माझ्याच डोळ्यांना भास झाला असंल. तो ज्या सुरात बोलला त्यात नाटक नव्हतं.

मग ती सरकारी वकिलांकडे गेली. त्यांनी कागद चाळले आणि मान हलवली. जखम, फुप्फुसं, जबाब, हे सगळं निर्णयाच्या वेळी तुमच्यासमोर होतं, ते म्हणाले. सगळं बघून, दबाव नसताना तुम्ही निष्काळजीपणा ठरवलात. आता खून म्हणायला नवं काय आहे? खुर्चीत बसून दिलेला तिचा तो निर्णय इतका पक्का निघाला होता की तो आता तिलाही उलटवता येईना.

एकच वाट उरली होती, आणि ती वकिलांनीच आडून सांगितली. तपास अधिकाऱ्याने स्वतः लेखी दिलं, की माझा हिरवा निर्णय भीतीपोटी होता, मी यंत्राला चकवलं, तर दाखला रद्द होतो आणि सगळं प्रकरण नव्याने उभं राहतं. अर्थात त्या अधिकाऱ्याची वर्दी जाते आणि खोटा निर्णय नोंदवल्याबद्दल तुरुंगही होऊ शकतो. असं आजवर कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही, असं म्हणून त्यांनी दुसरी फाईल उघडली.

ऋतुजाने ठरवलं की द्यायचं लिहून. मग ठरवलं, इराची परीक्षा होऊ दे. परीक्षा झाल्यावर ठरवलं, निकाल लागू दे. घरात सुशांत आनंदात होता. तू हल्ली किती शांत झालीस, असं तो एकदा म्हणाला आणि ती त्याच्यावर अशी काही ओरडली की तो पुढे बरेच दिवस तिच्याशी जपून बोलू लागला.

एका दुपारी रेश्मा आली. ती हडकली होती. तिला संतोषच्या जागी पाटबंधारे खात्यातच शिपायाची नोकरी लागली होती. ऋतुजाने तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. रेश्माने बाहेरच्या फलकाकडे पाहिलं.

"मॅडम, एक विचारू का?" ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याच्या भावाचा असाच खून झाला होता. तेव्हाचे फौजदार अपघात म्हणून मोकळे झाले. पण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, की त्यांच्यावर वरून दाब आला. सासूबाई म्हणायच्या, फौजदाराचंही काय, बिचारा पोटासाठी वाकला. आम्हाला रडायला तेवढा तरी आधार होता. तुमच्या बाबतीत तर यंत्रच सांगतंय की दबाव नव्हता." तिने फलकाकडे बोट केलं. "मग तुम्हाला खरंच तसं वाटलं का? ह्यांना कुणी मारलं नाही, असं?"

ऋतुजाला एवढंच म्हणायचं होतं, की नाही, मी भ्याले. तीन शब्द. ते रेश्माने ऐकले असते तर ती ते घेऊन कुठल्याही न्यायालयात गेली असती, आणि जायलाच हवं होतं. दाराबाहेर हिरगुडे कुणाची तरी तक्रार मन लावून लिहून घेत होता. पलीकडच्या रस्त्यावरून शाळा सुटलेली पोरं चालली होती.

"हो," ऋतुजा म्हणाली. "मला तसंच वाटलं."

रेश्माने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं, आणि मग तिथे नवीन काहीतरी आलं, ते अपराधीपणाचं होतं.

"तुम्ही खोटं बोलणार नाही, मॅडम. आणि यंत्र तर मुळीच नाही." ती पदर सावरून उठली. "तेव्हा रागाच्या भरात मी तात्यांच्या दारात जाऊन नको नको ते बोलले होते. त्यांच्या आईसमोर शाप दिले. मातीच्या पायांनी तशीच शिरले होते मी त्यांच्या घरात. उगाच त्या म्हाताऱ्या बाईला दुखवलं, पाप लागलं मला."

ती हात जोडून दारापर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली, की आता जाता जाता त्यांच्या बंगल्यावर थांबते, माफी मागून घेते. ऋतुजा खुर्चीतून उठली, दारापर्यंत आली आणि तिला जाताना बघत राहिली. तिने तिला हाक मारली नाही.